न रंगलेल्या पेशी

११ जानेवारी

भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते फोडणार नाहीस, म्हणून पत्ता दादाकडून लिहून घेतला. लबाडी आहे, पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

दादा आजारी आहे. तो तुला सांगणार नव्हता. गेलं वर्षभर तो खिशात आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन फिरत होता. जो माणूस रोज नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांना गाडी शिकवतो त्याच्या पोटात गोळा यायचाच, असं सगळ्यांना सांगत होता. मग जेवण कमी झालं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, आणि वहिनीने त्याला जवळजवळ ओढतच आमच्या हॉस्पिटलात आणलं. पोटात दुर्बीण घातली, तुकडे काढले, आणि ते तपासायला माझ्याच विभागात आले. जठराचा कॅन्सर आहे आणि तो पसरलाय. आईला झाला होता तोच.

आता जे सांगते ते डॉक्टर म्हणून सांगते, तेव्हा कंटाळू नकोस. पोटाच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. धरून ठेवायचं काम एक प्रथिन करतं, ई-कॅडहेरिन त्याचं नाव. ते प्रत्येक पेशीच्या कडेला असतं. ते गेलं की पेशी सुटतात आणि एकेकट्या खाली, आत घुसत जातात. नुसत्या मायक्रोस्कोपखाली ते प्रथिन दिसत नाही. म्हणून आम्ही स्लाइडवर एक अँटिबॉडी घालतो. ती त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते, मग तिच्यावर रंग चढवायचा. जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रेघ उमटते. निरोगी अस्तर त्या रंगात नव्या फरशीच्या सांध्यांसारखं दिसतं, एकही सांधा चुकलेला नाही.

दादाच्या स्लाइडवर वरच्या निरोगी भागात ते सांधे होते. खाली, जिथे कॅन्सर होता, तिथे काही नव्हतं. पेशी होत्या, पण कोऱ्या. माझा पहिला विचार काय होता सांगू? अँटिबॉडी खराब झाली असणार. मी बाटलीची मुदत बघितली. मग दुसऱ्या कंपनीची अँटिबॉडी मागवून पुन्हा रंगवायला लावलं. आमचा तंत्रज्ञ म्हणाला, मॅडम, शेजारच्या पेशी रंगल्यात की, औषधाचा दोष कसा असेल? ते मलाही दिसत होतं.

पुढे दादाच्या रक्ताची तपासणी झाली. या प्रथिनाचं जनुक त्याच्यात जन्मापासून बिघडलेलं आहे. ते आईकडून आलंय, म्हणजे तुझ्यात आणि माझ्यात असण्याची शक्यता निम्मी निम्मी. असेल तर हा कॅन्सर होण्याचा धोका खूप मोठा असतो, आणि दादासारखा तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुझ्या गावातल्या हॉस्पिटलात रक्त देता येईल, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय.

मी माझं रक्त दिलंय. निकाल यायचाय. तूही दे.

बाबांच्या शेवटच्या दिवसांत तू त्यांना घरी न्यायचं म्हणत होतीस आणि मी त्यांना काचेमागे, नळ्यांमध्ये ठेवलं. तू बाहेर उभी राहिलीस आणि आत त्यांनी प्राण सोडला. चार वर्षांत मी ते विसरलेले नाही. पण ते एका बाजूला ठेव आणि रक्त दे.

ताई


२० मार्च

भिंगरी,

तू दादाला भेटून गेलीस हे वहिनीकडून कळलं. मी ड्युटीवर असेन अशी वेळ बघूनच आलीस, तेही कळलं. दादा खूश होता. तू आणलेल्या ब्रेडचा एक घास त्याने खाल्ला आणि उरलेला उशाशी ठेवून नुसता वास घेत बसला.

तुझा निकालही त्यानेच सांगितला. तुझ्यात ते आहे.

मी तेव्हा त्याच्या पलंगाजवळ उभी होते. तो म्हणाला, "ती विचारत होती, ताईचं काय आलं म्हणून. ती म्हणाली, ताईने रक्त दिलं म्हणूनच मी दिलं, नाहीतर मला काहीच कळून घ्यायचं नव्हतं."

भिंगरी, मी रक्त दिलेलं नाही. जानेवारीतही दिलं नव्हतं. तुला लिहिलं ते खोटं होतं.

तशी देण्यासाठी एकदा गेले होते. खाली, आमच्याच रक्त घ्यायच्या खोलीत. तिथल्या बाईंनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, आणि मी कुणाचा तरी फोन आल्याचं सोंग केलं. कानाला बंद फोन लावून हो, हो, आलेच, असं म्हणत बाहेर पडले. दंडावर पट्टा तसाच. लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, डॉक्टर, हे काय? मी तो सोडून खिशात टाकला. त्यानंतर दर आठवड्याला म्हणत होते, उद्या जाऊ.

मला भीती वाटते. दादाची स्लाइड मी बघितली आहे. तसलंच काही माझ्या आत आहे का, हे मला कळून घ्यायचं नाही. आणि तेच कळून घ्यायला मी तुला मात्र पुढे ढकललं. मी दिलं म्हटलं तर तू देशील, हा हिशेब करूनच ते वाक्य लिहिलं होतं. तू चुकलीस ती एवढ्यातच, की माझ्यावर विश्वास ठेवलास.

आता तू बेकरीत उभी असशील, पीठ मळत, आणि डोक्यात हे. तुझ्या मुलीकडे बघताना काय वाटत असेल, त्याचा विचार मी अर्ध्यावर सोडून देते.

ताई


१६ एप्रिल

भिंगरी,

फोनवर मी भाषण देते असं तू म्हणालीस आणि लिहून कळव म्हणालीस. ठीक आहे. पत्रात निदान तुला मधेच ठेवून चहा करता येतो.

मागचं पत्र मिळाल्यावर तुझा फोन आला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होते. चार वर्षांनी तुझं नाव फोनवर बघितलं आणि हातातला घास ताटात ठेवला. तू नमस्कार-चमत्कार काही केलं नाहीस. म्हणालीस, "आत्ता खाली जा. मी लाइनवर थांबते." मी म्हटलं, जेवून जाते. तू म्हणालीस, "ताई, मला भट्टी बघायची आहे. ऊठ." मग मी उठले. फोन टेबलावर स्पीकरवर ठेवून रक्त दिलं. त्या बाई तुला म्हणाल्या, झालं हो, दिलं त्यांनी. तू बरं म्हणून फोन ठेवलास. हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण गेल्या कित्येक महिन्यांत मला बरं वाटलं ते तेवढ्यापुरतंच.

निकाल आठवड्यापूर्वी आला. मी तुला कळवलं नाही. मला ते आलेलं नाही. माझं जनुक ठीक आहे.

कागद वाचला आणि मला आनंद झाला. हो, आनंदच झाला. तो तसाच घेऊन दादाच्या वॉर्डात जायचं होतं. तीन मजले चढले आणि तोवर आनंदाचा काहीतरी निराळाच पदार्थ झाला होता. दादाने तोंड बघूनच ओळखलं. "सुटलीस ना?" म्हणाला. मी मान हलवली. तो हसला. म्हणाला, "चला, तिघांत एकीला तरी परवाना मिळाला." मला रडू आलं तर तो वैतागला. म्हणाला, रडायचं तर बाहेर जाऊन रड, इथे रडण्याचा मान माझा आहे.

मी तिघांतली मधली. आईची सगळ्यात कमी सेवा मी केली. दादाने तिला उचलून फिरवलं, तू बारा वर्षांची असून तिचे कपडे धुतलेस, आणि मी परीक्षा आहे म्हणून वसतिगृहात राहिले. तरी सुटले मी. कुणी विचारलं तर मी शास्त्र सांगेन, नाणेफेकीसारखं असतं म्हणून. स्वतःला सांगून बघितलं. काही उपयोग नाही.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या दुर्बिणीच्या तपासणीत काही निघालं नाही, तीसेक तुकडे घेतले आणि सगळे स्वच्छ आले, तेव्हा कशाला ऑपरेशन, असं तू म्हणतेस. ऐक. या कॅन्सरचे ठिपके पृष्ठभागाच्या खाली असतात, वरचं अस्तर शाबूत दिसतं. तीस तुकड्यांत ते चुकू शकतात. सगळ्यात खात्रीचा उपाय पूर्ण जठर काढणं हाच आहे. माणसं जठराशिवाय जगतात. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं, काही इंजेक्शनं जन्मभर घ्यायची. वजन उतरतं. पहिलं वर्ष वाईट जातं.

तू फोनवर म्हणालीस, "मी चव घेऊन पोट भरणारी बाई आहे. काहीही न सापडता तू माझं पोटच काढायला सांगतेस. बाबांच्या वेळीसुद्धा तू अशीच खात्रीने बोलत होतीस. तुला माणूस दिसत नाही, त्याचे तुकडे दिसतात."

तरीही सांगते, ऑपरेशन कर.

ताई


३० जून

भिंगरी,

तू परत गेलीस त्याला काही दिवस झाले. दादाची गाडी वहिनीने अजून दारातच ठेवली आहे, वरच्या शिकाऊच्या पाटीसकट. शेजारची मुलं पुसतात ती.

तो गेला तेव्हा आपण दोघी त्याच्या उशाशी होतो, घरी, त्याच्या खोलीत. त्याला हॉस्पिटलात हलवायचं का असं वहिनीने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं. त्याला घरीच राहायचं होतं. तुला हे सांगून मला शाबासकी नको आहे. चार वर्षांपूर्वी हे जमायला हवं होतं, एवढंच.

तू स्वयंपाकघरात कप विसळताना जे म्हणालीस ते मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे माझ्याकडून पुढेमागे फिरवाफिरव होणार नाही.

तू म्हणालीस, "काढते मी. तुझ्याच हॉस्पिटलात. पण बाहेर काढल्यावर ते तू बघायचंस. दुसऱ्या कुणी बघितलं आणि तू नुसता कागद वाचलास असं नको."

मी म्हटलं, घरच्या माणसाचं बघायचं नसतं, तसा नियम आहे.

"दादाचं बघितलंस."

तेही बघायला नको होतं, मी म्हटलं.

तू नळ बंद केलास. "नियम राहू दे. त्यात काही निघालं नाही, तर ते तू माझ्यासमोर येऊन सांगायचंस. काही नव्हतं, उगाच काढलं, असं माझ्या तोंडावर. कबूल असेल तर मी काढते."

मी हो म्हटलं. आमच्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं आहे. ते खूप वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, रिपोर्ट मी लिहीन, सही माझी, प्रत्येक स्लाइड मी बघणार. तुम्ही शेजारी बसून बघायला माझी हरकत नाही, पण तुमचं मत धरलं जाणार नाही. मला तेवढं पुरे.

हे ऑपरेशन तू माझ्या सांगण्यावरून करते आहेस, असं तू कुणालाही सांगू शकतेस. तुझ्या नवऱ्याला तर सांगच. तुम्हाला सोडायला आले तेव्हा स्टेशनवर त्याने माझ्या हातातली बॅग उचलून घेतली, पण माझ्याशी तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर बॅगही उचलली नसती.

ताई


३ सप्टेंबर

भिंगरी,

तू घरी नीट पोचलीस, वाटीभर खिमट खाऊन अर्धा तास बसून राहिलीस, मग झोपलीस, हे तुझ्या नवऱ्याने फोन करून कळवलं. त्याने आपणहून फोन केला. "तुमच्यामुळे ती वाचली," असं म्हणाला. तूही वॉर्डात माझा हात धरून तेच म्हणालीस, बरं झालं तू हट्ट धरलास. मी हसले, तुझी उशी सारखी केली आणि निघून आले. तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. म्हणून हे पत्र. वाचून तुला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले तर घे.

तुझं जठर खाली आमच्या विभागात आलं तेव्हा मी तिथेच होते. पूर्ण जठर चौकोनी तुकड्यांत कापतात, प्रत्येक तुकडा मेणात बसवतात, त्याचे कागदाहून पातळ काप काढतात. शेकडो स्लाइड झाल्या. तंत्रज्ञ त्या ट्रेमधून आणायचा, प्रमुख आणि मी डोळे लावून बसायचो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. सुंदर अस्तर होतं, भिंगरी. कुठे सूजसुद्धा नाही. प्रमुख म्हणाले, काय निरोगी पोट आहे हो. ते कौतुकाने म्हणाले. मला ते ऐकवेना.

कारण मग मला तुझ्यासमोर येऊन सांगावं लागणार होतं.

शास्त्र म्हणतं, काही निघालं नाही तरी ऑपरेशन चुकीचं ठरत नाही. धोका होता, तो टळला. रुग्णांच्या नातेवाइकांना मी हे शांतपणे समजावलं आहे. पण तू काय ऐकलं असतंस ते मला माहीत होतं. वर वॉर्डात तू नळी लावून पडली होतीस, पाणी चमच्याने पीत होतीस, तुझी मुलगी दाराशी उभी राहून आत यायला घाबरत होती. आणि खाली मी एकेक स्लाइड सरकवत मनात म्हणत होते, निघू दे. काहीतरी निघू दे. एवढंसं तरी निघू दे.

हे मी एकदा नाही, दिवसभर म्हणत होते. धाकट्या बहिणीच्या पोटात कॅन्सर निघावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी एका स्लाइडवर ग्रंथींच्या मधल्या जागेत चारदोन गोल पेशी दिसल्या. त्या कॅन्सरच्या असतील किंवा नुसत्या फुगलेल्या असतील, साध्या रंगात सांगता येईना. प्रमुख म्हणाले, अँटिबॉडी लावून बघू. चौथ्या दिवशी ती स्लाइड आली. त्यांनी आधी बघितली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. सगळीकडे तपकिरी सांधे, घट्ट, रेखीव. आणि मधे बोटावर मोजण्याइतक्या पेशी, कोऱ्या. एकीचा दुसरीला धरून ठेवणारा हात नाही. दादाच्या होत्या तशाच, पण दादाच्या गावभर पसरल्या होत्या आणि या अजून उंबरठ्यावर होत्या.

मी हसले. मोठ्याने. तंत्रज्ञ आत येऊन म्हणाला, "मॅडम, काही नाही ना निघालं?" मी म्हटलं, "निघालं." तो ट्रे घेऊन निघून गेला.

पुढे आणखी दोन ठिकाणी तसेच ठिपके मिळाले. सगळे वरच्या थरातच, सगळे निघून आलेले. तुला आता काही नाही. म्हणूनच मी वर येऊन तुला सांगू शकले, ताठ मानेने, अगदी बाबांच्या वेळच्या आवाजात. तू रडलीस आणि माझा हात धरलास. त्या हाताने मी आदल्या दिवशी काय मागत होते ते तुला माहीत नव्हतं.

आता माहीत झालं. मला वाचवणारी वगैरे म्हणू नकोस. मला तुझा जीव हवा होता, हे खरं. पण त्या चार दिवसांत मला त्याहून जास्त हवं होतं की मी बरोबर ठरावं.

ताई


१९ सप्टेंबर

भिंगरी,

तुझा फोन झाल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. दूध उतू गेलं. ओटा पुसला, मग लिहायला बसले.

मला वाटलं होतं तू फोनच करणार नाहीस. केलास तर रागावशील. तू आधी विचारलंस, जेवलीस का? मी हो म्हटलं. मग म्हणालीस, "पत्र वाचलं. दोनदा वाचलं." मागे कुठेतरी भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला. तू अजून उभं राहून काम करायचं नाही, हे मी त्यावर बोलणार होते, पण बोलले नाही.

मग तू म्हणालीस, "ताई, मीपण तेच मागत होते. वर पडल्या पडल्या. निघू दे म्हणत होते."

मी विचारलं, तू का?

"नाही निघालं असतं तर मला तुझ्यावर आयुष्यभर राग धरावा लागला असता. चार वर्षं धरला, कंटाळा आला मला त्याचा. सारखं आठवण ठेवून रागवायचं म्हणजे काम आहे."

तू हसलीस. मीही हसले, पण मला माझं हसणं आवडलं नाही. तुझ्या माफ करण्याने माझं ओझं निम्मं उतरलं, निम्मं आहे तिथेच आहे. ते तुझ्याकडून उतरवून घ्यायचं नाही असं ठरवलंय. दादाच्या वाट्याला जे आलं ते माझ्या वाट्याला आलं नाही, त्याला तू तरी काय करणार.

फोन ठेवता ठेवता तू मुलीचं विचारलंस. तिच्यातही ते असण्याची शक्यता निम्मी. तिला कधी सांगायचं, तपासणी कधी करायची, आत्ताच करून टाकायची का ती मोठी होऊन तिने ठरवायचं. मी म्हटलं लिहून कळवते. काल दिवसभर मी त्यावर वाचलं. लहान मुलांची तपासणी सहसा करत नाहीत, मोठं झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवावं असं म्हणतात. हे पुस्तकातलं झालं. पण तू हॉस्पिटलात असताना ती तुझ्या खोलीच्या दाराशी उभी होती. मी तिला आत चल म्हटलं तर म्हणाली, आईचं पोट कुठे ठेवलंय? तिला काहीतरी कळलेलं आहे, आणि जे कळलेलं नाही ते ती मनाने भरून काढते आहे. तिला किती सांगावं, कोणत्या शब्दांत, या वयात की पुढे, ते मला माहीत नाही.

हे वाक्य मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. बाबांच्या वेळी ते म्हणता आलं असतं तर आपण दोघींनी मिळून काही ठरवलं असतं. मला खरंच माहीत नाही, भिंगरी. तू आई आहेस, तू तिच्याजवळ असतेस. तू विचार कर. मी शनिवारी येते, दोन दिवस सुट्टी टाकली आहे. तू जे म्हणशील ते आधी ऐकेन.

ताई